नागपुरात घर पश्चिममुखी असेल तर काचेची कंझर्व्हेटरी कुठल्या बाजूला काढावी?

तुम्ही विचारलंय की बेसा रोडकडे घर बांधताय, तोंड पश्चिमेला, समोर गार्डन, तर हॉलला लागून समोरच काचेची कंझर्व्हेटरी, म्हणजे काचेच्या भिंतींची खोली, काढू का, म्हणजे आईला हिवाळ्यात उन्हात बसता येईल आणि कुंड्याही राहतील. मी नागपुरात अ‍ॅल्युमिनियम सेक्शन (फ्रेमच्या पट्ट्या) आणि काचेचीच कामं करतो, म्हणून सरळ सांगतो भाऊ, पश्चिमेला अजिबात नको.

आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी तीन-चारला, आणि नेमका तेव्हाच सूर्य खाली उतरून उभ्या काचेतून सरळ आत शिरतो. छज्जा कितीही काढा, ऊन त्याच्या खालूनच येतं. पश्चिमेच्या फ्रेमला चार वाजता हात लावून बघा, धरवत नाही. काचेतून ऊन आत येतं पण तापलेली हवा बाहेर जात नाही, मागची विटांची भिंत ते सगळं पिऊन घेते आणि मग रात्री अकरापर्यंत तुमचा हॉल भट्टीसारखा. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ डिग्री गेलं होतं, त्या हिशोबानेच विचार करायचा.

तुम्ही फोटो टाकलाय तो इंग्लंडचा वाटतो, वरपासून खालपर्यंत काच. तिकडे लंडन ५१ अक्षांशावर, ऊन तिरकं आणि कमजोर, त्यांना मिळेल तेवढं पाहिजे असतं म्हणून ते लोक छतसुद्धा काचेचं करतात. नागपूर २१ वर आहे. २६ मे च्या आसपास म्हणजे ऐन नवतप्यात (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य इतका डोक्यावर येतो की सावली पायाखालीच पडते, म्हणजे सगळ्यात जास्त मार छतावर. त्यामुळे दिशा ठरवण्याच्या आधी छत ठरवा, स्लॅब किंवा पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम), काच फक्त भिंतींना. वरून उजेड पाहिजेच असेल तर उत्तरेकडच्या कडेला एक अरुंद पट्टी, ती पण लॅमिनेटेड काचेची. साधी टफन (तापवून कडक केलेली काच) फुटली की तिचे दाणे खाली बसलेल्याच्या अंगावर पडतात, लॅमिनेटेड मधल्या फिल्मला चिकटून राहते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होतेच.

आता जागा. माझ्या मते तुमच्या घराला पूर्व, म्हणजे मागची बाजू, जिथे तुमच्या प्लॅनमध्ये आत्ता वॉश एरिया दाखवलाय. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून चांगला दक्षिणेकडे सरकून उगवतो, तर शक्य असेल तर दक्षिणेकडच्या कोपऱ्यालाही काच वळवा, आईला नाश्त्यापासून अकरापर्यंत मस्त ऊन मिळेल, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर घराचीच सावली तिच्यावर पडते. दक्षिण दुसरा पर्याय, तोही वाईट नाही. हिवाळ्यात दुपारचं ऊन ४५ अंशाने तिरकं आत येतं, मे मध्ये ते डोक्यावर असल्याने दोन फुटाचा छज्जा कापून टाकतो. उत्तरेला पानांच्या झाडांना उजेड छान, पण हिवाळ्यात ऊन शून्य, म्हणजे आईचं काम होणार नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती कूलरची. डेझर्ट कूलर ज्या खिडकीत बसणार ती खिडकी कंझर्व्हेटरीच्या आत येऊ देऊ नका, नाहीतर तो काचेच्या खोलीतली तापलेली हवाच ओढत बसेल. किचनच्या खिडकीचं आणि एक्झॉस्टचं पण तसंच, ते मोकळ्यावरच निघालं पाहिजे. घर आणि कंझर्व्हेटरीच्या मध्ये पक्का दरवाजा ठेवा, मोकळी कमान नको, आणि छताच्या लगेच खाली उघडणारे लूव्हर (आडव्या पट्ट्यांची झडप) घ्या, खाली स्लायडिंग, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. बाहेरून ग्रीन नेट टांगायला हूक आत्ताच लावून घ्या, आतून पडदे लावून उपयोग नाही, तोपर्यंत ऊन आत आलेलं असतं.

फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यात आठ-दहा मिमी गॅप सोडायला सांगा, मागे फोमची दोरी आणि वरून वेदर सिलिकॉन (ऊन-पावसात टिकणारं लवचिक सीलंट). बारा फुटाचा सेक्शन पन्नास डिग्रीच्या फरकाने चारेक मिमी लांबतो, भिंतीला घट्ट भिडवला तर पहिल्या उन्हाळ्यात सांधा सुटतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं.

मार्जिनचं, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायच्या जागेचं, आर्किटेक्टकडून सँक्शन प्लॅनवर (मंजूर नकाशावर) आधी बघून घ्या, काच आहे म्हणून बांधकाम धरत नाहीत असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. आणि पूर्वेला शेजारचा प्लॉट रिकामा आहे की घर आहे, ते किती मजली आणि किती फुटावर, हे लिहा. दहा फुटावर दुमजली असेल तर सकाळचं ऊन तिकडेच अडेल, मग दक्षिणेचाच कोपरा धरावा लागेल.