उपाशीपोटी साखर वाढते कशी?

प्रश्न : मला टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री झोपताना साखर १२८ होती, सकाळी उठून पाहिली तर १५६. मध्ये पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मुलगा म्हणतो, तू रात्री उठून काहीतरी खातेस. डॉक्टर, न खाता साखर वाढते का?

उत्तर : वाढते, ताई. मुलाला हे उत्तर जरूर वाचायला द्या. ही साखर तुमच्याच यकृताने रक्तात सोडली आहे.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम चार-पाच ग्रॅम असते, म्हणजे एक चमचाभर. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. तेव्हा आपण झोपलो तरी हा चमचा भरत राहायला हवा. ते काम स्वादुपिंडातून येणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचं. यकृताने ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर ते मोकळी करायला लावतं, नवी बनवायलाही लावतं. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि यकृत पुन्हा साठा करू लागतं.

शिकत असताना मी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाचा काप पाहिला, तेव्हा गडद पेशींच्या दाटीत मधूनमधून फिकट ठिपके दिसले होते. हीच लँगरहॅन्सची बेटं. पाउल लँगरहॅन्सने १८६९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा तोही विद्यार्थीच होता. एकाच बेटात बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि त्यांना खेटून बसलेल्या अल्फा पेशी ग्लुकागॉन. हा शेजार मला फार मोलाचा वाटतो, कारण बीटा पेशींचं इन्सुलिन अल्फा पेशींना आवरून धरतं. तुमच्या आजारात हा लगाम सैल पडतो. गरज नसतानाही ग्लुकागॉन सुटत राहतं, आणि इन्सुलिनला दाद न देणारं यकृत साखर सोडतच राहतं. पहाटे त्यात कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकाची भर पडते. साखर उतरवायला मुख्यतः एकटं इन्सुलिन, चढवायला मात्र अ‍ॅड्रेनलिन धरून चार जण!

म्हणून घाबरून रात्रीचं जेवण टाळू नका, गोळीही आपल्या मनाने वाढवू नका. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तीनला साखर ७०च्या खाली सापडली, तर लगेच साखर घ्या आणि सकाळीच डॉक्टरांना कळवा, कारण मग उपाय अगदी वेगळा असतो. तीनचा गजर मुलालाच लावायला सांगा.