वाचकांचे प्रश्न : कमरेचा पट्टा कोणता घ्यावा?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे असून मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहते आणि एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात वर्षभराचा गहू कोठीत भरताना पोते सरकवायला वाकले आणि कमरेत उसण भरली. आता तीन आठवडे होत आले. दुखणे पुष्कळ कमी आहे, पायात कळ किंवा मुंग्या नाहीत; पण वर्गात उभे राहून आणि स्कूटरवरून ये-जा करून संध्याकाळपर्यंत कंबर धरते. दवा बाजारात पट्टा पाहायला गेले, तेव्हा दुकानदाराने साधा इलॅस्टिकचा, पाठीशी पट्ट्या घातलेला आणि चुंबकाचा असे तीन प्रकार दाखवले. शेजारच्या काकू म्हणतात, दिवसरात्र बांधून ठेव. यजमान म्हणतात, पट्ट्याने स्नायू दुबळे होतात. घरात सासूबाईंचा पोटाच्या ऑपरेशननंतरचा पट्टा पडून आहे, तो चालेल का? सासूबाईंचे वय ७३ असून पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात घसरल्यापासून त्यांची पाठही दुखते आहे. त्यांच्यासाठीही असाच एक पट्टा घ्यावा का?
— सौ. म. क., इंदूर

उत्तर : आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात थांबायला वेळ नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी घसरून पडल्यानंतर सुरू झालेली आणि पंधरा दिवसांत न थांबलेली पाठदुखी ही पट्टा आणून पाहण्याची गोष्ट नव्हे. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत अनेक स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात आणि साध्या पडण्यानेही मणका दाबला जाऊन पिचतो. बाहेरून जखम दिसत नाही, रुग्ण हिंडत-फिरत असतो, म्हणून घरचे लोक त्याला वयोमानाचे दुखणे समजून सोडून देतात. सासूबाईंना या एक-दोन दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेऊन एक्स-रे काढून घ्यावा. तोपर्यंत त्यांना पुढे वाकू देऊ नये, ओझे उचलू देऊ नये आणि कोणाच्याही आग्रहाने पाठीवर जोराचे मालीश मुळीच करवू नये. असा मणका बहुधा छातीचा भाग संपून कमरेचा सुरू होतो तेथे पिचतो आणि कमरेचा नेहमीचा पट्टा तेथपर्यंत पुरत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर टेलर ब्रेस किंवा ॲश ब्रेस अशी निराळी साधने सांगतात, आणि ती मापाने बसवून घ्यावी लागतात. शिवाय मणका पिचल्याचे ठरले, तर हाडांच्या ठिसूळपणावर औषधोपचार सुरू करणे हे ब्रेसपेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण एक मणका पिचलेल्या रुग्णाचा दुसरा पिचण्याची शक्यता वाढलेली असते.

आता आपल्याविषयी. ओझे सरकवताना भरलेली, पायात न उतरलेली आणि तीन आठवड्यांत उतरणीला लागलेली उसण बहुतेक वेळा आपल्या गतीने बरी होते. पट्टा तिला बरी करत नाही, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत असे सांगितले आहे; जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये, जुनाट कंबरदुखीवर नेहमीचा उपचार म्हणून ज्या गोष्टींची शिफारस करता येत नाही त्यांत पट्ट्यांचा समावेश केला आहे. तरीही मी माझ्या रुग्णांना पट्ट्याला सरसकट मनाई करत नाही. पट्टा बांधल्यावर कमरेला ऊब मिळते, पोटावर थोडा दाब येऊन धड सावरल्यासारखे वाटते आणि एकदम वाकायला गेले की तो आठवण करून देतो. दुखऱ्या दिवसांत एखादे ठरावीक काम पार पाडायला एवढी मदत पुरेशी असते. म्हणून पट्टा कमरेसाठी न घेता कामासाठी घ्यावा: आपल्या बाबतीत स्कूटरचा प्रवास आणि सलग उभे राहण्याचे तास, एवढ्यासाठीच.

त्या कामासाठी, पाठीशी दोन किंवा चार वाकणाऱ्या पट्ट्या असलेला, कमरेच्या आकाराचा इलॅस्टिकचा पट्टा घ्यावा. दुकानात त्याला एल. एस. (लंबो-सॅक्रल, म्हणजे कंबर आणि माकडहाडाच्या वरचा भाग यांचा) बेल्ट म्हणतात. अगदी साधा, पट्ट्या नसलेला पट्टा बसताना गुंडाळला जातो आणि त्याची दोरी होते. चुंबकाने कंबरदुखी कमी होते याला विश्वासार्ह पुरावा नाही, तेव्हा त्याचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. सासूबाईंचा पोटाचा पट्टा टाके आणि पोटाची भिंत सांभाळण्यासाठी केलेला असतो. तो सरळ असतो, कमरेच्या खोलगटात बसत नाही, त्यामुळे तो वापरू नये.

माप घेताना घाई करू नका. पेटीवरचे आकडे प्रत्येक कंपनीचे निरनिराळे असतात, आणि माप कोठे घ्यायचे (बेंबीपाशी की नितंबांच्या वरच्या हाडापाशी) हेही पेटीवर दिलेले असते, म्हणून सलवारीच्या किंवा परकराच्या मापावरून पट्टा मागू नये. दुकानातच बांधून पाहावा. दोन्ही हात कमरेवर ठेवून नितंबांची वरची हाडे चाचपावीत आणि अंगठे मागे पाठीवर न्यावेत. ते जेथे मिळतात, त्याच्या आसपास पट्ट्याचा मध्य यायला हवा, आतल्या पट्ट्या मणक्यांवर न येता त्यांच्या दोन्ही बाजूंना याव्यात आणि खालची कड नितंबांच्या सुरुवातीपर्यंत पोचावी. श्वास सहज सोडून मग वेल्क्रो लावावा. पोट आत ओढून, दम रोखून आवळू नये. नंतर दुकानातल्या स्टुलावर पाच मिनिटे बसून पाहावे. वरची कड बरगड्यांना किंवा खालची मांड्यांना टोचत असेल, दीर्घ श्वास घेता येत नसेल, किंवा पट्ट्याखाली दोन बोटे जात नसतील, तर तो पट्टा आपला नव्हे, दुकानदार कितीही म्हणाला की वापराने सैल होईल तरी.

किती वेळ, या प्रश्नावर काकू आणि यजमान दोघांचेही म्हणणे थोडे थोडे दुरुस्त करावे लागेल. झोपताना पट्टा नको. दिवसाही एका वेळी दोन तासांच्या आसपास बांधून मग सोडावा. काही आठवड्यांच्या अशा वापराने स्नायू दुबळे होतात याला ठोस पुरावा नाही, तेव्हा यजमानांना निश्चिंत राहू द्या. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते: पट्ट्याशिवाय घराबाहेर पडायचा धीरच काही जणांना होत नाही, आणि महिने उलटले तरी तो सुटत नाही. म्हणून दुखणे कमी होईल तसे आधी शाळेतले तास, मग स्कूटर असा वापर उतरवत दोन-तीन आठवड्यांत पट्टा कपाटात जायला हवा. त्याच्या भरवशावर पुन्हा पोते उचलायला जाऊ नका. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील निऑश या संस्थेने १९९४ मध्येच सांगितले होते, की निरोगी कामगारांची कंबर दुखावू नये म्हणून पट्टे वापरण्याची शिफारस करता येत नाही. आपल्याकडच्या मंडीतही पट्टा बांधून क्षमतेपेक्षा जास्त ओझे उचलणारे हमाल पाहिले, की मला काळजी वाटते. पुढच्या वर्षीचा गहू लहान पिशव्यांत मागवावा.

हर्निया, वाढलेला रक्तदाब, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास, छातीत जळजळ किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा आवळू नये. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रबरी कापडाच्या पट्ट्याखाली घामोळे उठते, तेव्हा हवा खेळणाऱ्या कापडाचा पट्टा पाहावा आणि आत सुती बनियन घालावी.

पट्ट्यापेक्षा मी आपल्याला चालण्याचा आग्रह धरीन. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी काहींना मार्गदर्शनासह हळूहळू चालणे वाढवायला सांगितले. त्यांच्यापैकी निम्म्या जणांचे दुखणे परतायला २०८ दिवस लागले, तर इतरांपैकी निम्म्यांचे ११२ दिवसांतच परतले. आपण संध्याकाळी दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, इथपर्यंत सावकाश जावे. चालताना पट्टा बांधू नये. वर्गात दर तासाला थोडे बसावे, आणि फळ्याशी उभे असताना एक पाय आळीपाळीने व्यासपीठाच्या पायरीवर ठेवावा.

सहा आठवड्यांतही दुखणे हटले नाही, कळ गुडघ्याखाली उतरू लागली, ताप येऊ लागला किंवा वजन विनाकारण घटू लागले, तर तपासणी करून घ्यावी. आणि लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, किंवा पाऊल उचलता न येणे यांपैकी काहीही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.