आमचे देव 1956 सालीच नदीत गेले

प्रश्न असा आहे : 'पंचविशीतल्या मुलामुलींनी सांगावं, तुम्ही देव मानता का? मानत नसाल तर कधीपासून?'

'कधीपासून'चं उत्तर माझ्याकडे तारखेनिशी आहे. 14 ऑक्टोबर 1956. माझं सोडा, तेव्हा माझे बाबाही जन्मले नव्हते. त्या दसऱ्याला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखो लोकांना दिली. त्या गर्दीत वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून गेलेले माझे पणजोबा होते. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून दिले. महिन्याभरात घरचा बैल मेला. गावात लगेच सुरू झालं, देव कोपला म्हणून. पणजोबा म्हणाले, "बैल का देवाच्या भरोशावर चरत होता?" हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. बारावीला गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा मलाही ऐकवलं होतं, बैलाच्या जागी मला घालून.

तेव्हा मी काही वाचून, झगडून नास्तिक झालेलो नाही. इतरांना घरातून देव मिळतो, मला त्याचं नसणं मिळालं. यात माझी कर्तबगारी शून्य. बुद्ध पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात त्रिशरण-पंचशील म्हणायचो, पाली कळत नव्हती. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मात्र मराठीत, त्यामुळे कळायच्या. सुरुवातीच्या प्रतिज्ञा काय मानणार नाही याच्या, पुढच्या कसं वागणार याच्या. दारू पिणार नाही, हीसुद्धा त्यातच आहे. (आमच्याकडच्या वरातींत तिचे काय हाल होतात ते इथे नको.)

तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीची. ती आडवी आली पुण्यात. नोकरी लागल्यावर चौघांनी मिळून फ्लॅट घेतला आणि पहिल्याच भाद्रपदात पार्टनरांनी पाच दिवसांचा गणपती बसवला. आरतीची वेळ झाली की मी म्हणायचो, "दूध घेऊन येतो." सकाळी दूध, संध्याकाळी दूध. चौथ्या दिवशी एकाने फ्रीज उघडला तर आत दुधाच्या सात पिशव्या. "अरे, तू डेअरी काढतोयस का?"

सगळे हसले, मीही हसलो. आणि मग खरं सांगावं लागलं.

देव मानत नाही एवढंच सांगायचं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आमच्यातलाच एकजण उघड नास्तिक होता, आरतीच्या वेळी बाल्कनीत फोन बघत बसायचा, त्याला कोणी काही म्हणत नव्हतं. त्याचं आडनाव असं की त्याचं न मानणं हे त्याचं मत ठरतं. मी 'आम्ही बौद्ध आहोत' म्हटलं की समोरच्याला मत ऐकू येत नाही, जात ऐकू येते. पुढचं वाक्य "अच्छा, म्हणजे तुम्ही लोक..." असंच सुरू होतं. मी सात पिशव्या दूध आणलं ते या 'तुम्ही लोक'ला भिऊन, गणपतीला नाही. पार्टनर तसे बरे निघाले. दोघं काहीच बोलले नाहीत, तिसऱ्याने सातही पिशव्यांची बासुंदी केली. ती खाल्ली. मोदकही खातो. आरतीला उभा राहत नाही.

मग मानतो काय? गेली दोन-तीन वर्षं बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हळूहळू वाचतोय. म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसलं म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. बाबासाहेबांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर यातलं काहीच दिसलं नव्हतं, हे पटावं कसं? त्यांनी कारण दिलंय ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणाचं. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि ते त्याला भोवलं. ज्या धर्मात आपण लाखोंना घेऊन चाललोय त्याच धर्माच्या सर्वांत लाडक्या गोष्टीला असा प्रश्न विचारायचा, हे मला फार आवडतं. उद्या पुनर्जन्माबद्दल माझं काही वेगळं मत झालं तरी मला घराबाहेर पडावं लागणार नाही, असं वाटतं.

आमच्या आजीला बावीसही प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, क्रमाने. पुण्याला निघालो त्या सकाळी तिने मला दारात थांबवलं आणि मीठ-मोहरी, दोन लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मी म्हटलं, "आजी, हे कुठं बसते आपल्यात?"

"बावीस बी मोजून पाय," ती म्हणाली. "दृष्ट काढू नका म्हणून एक तरी हाय का?"

मी मोजल्या. नाही.