तीन वर्षं उलटली, तरी मुलाचा दावा शाबूत आहे

ताई,

जुलै २०२२ मध्ये क्लासच्या जिन्याचा कठडा निखळून तुमचा सहावीतला मुलगा खाली पडला. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला आणि पंधरा वर्षांचा झाला तरी तो लंगडतोय. क्लासचालकांनी पहिलं बिल भरलं, पुढे "बघू, करू" म्हणत दिवस काढले. आता ते म्हणतात, "तीन वर्षं झाली, कोर्टात काही होणार नाही; पन्नास हजार घ्या आणि स्टँप पेपरवर सही करा."

सही करू नका.

तीन वर्षांची मुदत खोटी नाही. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा भरपाईच्या दाव्याला साधारण तेवढीच मिळते. ती गेली की उशीर माफ होत नाही. कलम ५ ची सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. तोंडी आश्वासनांनीही मुदत वाढत नाही. पण हा हिशोब सज्ञान माणसाचा. दुखापत झाली तेव्हा मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल, तर कलम ६ आणि ८ नुसार तीन वर्षं त्याला अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होतात. तुमचा मुलगा डिसेंबर २०२८ मध्ये अठराचा होईल, म्हणजे त्याला डिसेंबर २०३१ पर्यंत दावा लावता येईल. तोवर थांबायची गरजही नाही. आई म्हणून तुम्ही त्याच्या वादमित्र, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्या, होऊन आजच दावा दाखल करू शकता.

मात्र ही सवलत मुलाची आहे, तुमची नाही. ऑपरेशनला तुम्ही जो पदरचा पैसा घातला, तो पालकांचा मुदतबाह्य दावा आहे, असा आक्षेप समोरचे वकील घेतीलच. त्या रकमेवर भिस्त ठेवू नका. मुलाने सोसलेल्या वेदना, पायातलं कायमचं अधूपण, पुढची शस्त्रक्रिया, उद्याच्या कमाईवर होणारा परिणाम, हे सगळं त्याचं स्वतःचं आहे आणि दावा त्यावरच उभा राहील. ग्राहक आयोगाकडे जावं असं मी म्हणणार नाही. तिथली दोन वर्षं गेली आहेत आणि उशीर माफ करायचा की नाही हे आयोग ठरवणार.

मला काळजी वाटते ती कागदांची. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात. तुमची ती तीन वर्षं संपली आहेत. याच आठवड्यात हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कागद असतील तर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. क्लासच्या फीची पावती, तुटलेल्या कठड्याचे फोटो, क्लासचालकांचे मेसेज, त्यांनी भरलेलं बिल, सगळं एका फायलीत लावा. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढा. त्या दिवशी जिन्यात असलेली मुलं बारावीनंतर पुण्या-मुंबईला पांगतील, त्यांच्या आईवडिलांशी आताच बोलून ठेवा.

जागा भाड्याची असेल तर इमारतीच्या मालकालाही प्रतिवादी करा. वकिलाच्या फीमुळे अडू नका: महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

तडजोड करायचीच झाली, तर दावा दाखल केल्यावर करा. मग अज्ञान मुलाच्या वतीने केलेली तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि पन्नास हजार पुरेसे आहेत का हे न्यायाधीश आधी तपासतील.