नो-गो आत गेला तर

नागपूर, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी बर्डीवर होतो, गोंगाटात धड ऐकू येईना. एक वाक्य मात्र नीट ऐकलं : ‘काका, नो-गो गेज भोकात जाऊन राहिला, अन् साहेब म्हणतात शीटवर ओके लिही.’ विमानाच्या भागाच्या भोकात जो गेज जायलाच नको, तो गेला, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर मी भलतंच बोललो असतो, म्हणून लिहितो.

आधी माझं ऐक. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो, तुझ्याच वयाचा. वाफेच्या व्हॉल्व्हचे ओतीव भाग तपासायचे. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असला की केसाएवढी लाल रेघ उमटते. एका मार्चअखेरीस तीन नगांवर ती उमटली. साहेब म्हणाले, ‘पाहून घेऊ, माल जाऊ दे.’ मी सही केली. पुढे काय झालं? काहीच नाही, साधी तक्रारही आली नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळी हात अडखळला नाही आणि तिसऱ्या वेळी साहेबांना सांगावंही लागलं नाही. घरी हे मी कधी बोललो नाही.

आता विमानाचं. डीसी-१० विमानाचा सांगाडा मॅक्डोनेल डग्लससाठी कॉन्व्हेअर नावाची कंपनी बनवायची. म्हणजे तुमच्यासारखीच, दुसऱ्याच्या ऑर्डरवर काम करणारी. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरजवळ अशा एका विमानाचा सामानकक्षाचा दरवाजा हवेतच उघडला. खालची हवा क्षणात बाहेर गेली, वर प्रवाशांच्या केबिनमधला दाब तसाच. त्या दाबाने मधली जमीन खचली आणि तिथून जाणाऱ्या नियंत्रणाच्या केबलींना इजा झाली. वैमानिकांनी कसंबसं उतरवलं. पंधराच दिवसांत कॉन्व्हेअरचे अभियंते डॅन ॲपलगेट यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की हे दरवाजे पुन्हा उघडतील आणि तेव्हा विमानच जाईल. वरिष्ठांना ते खोडता आलं नाही. पण मॅक्डोनेल डग्लसकडे विषय काढला तर खर्च आपल्याच गळ्यात पडेल, असा हिशेब झाला आणि टिपण तिथेच राहिलं. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चा तोच दरवाजा उघडला. ३४६ माणसं गेली. (२०१८ आणि २०१९ मधल्या बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांतले मिळून बळीही ३४६. योगायोगच, पण हा आकडा मला सोडत नाही.)

ॲपलगेट खरं बोलले, स्पष्ट बोलले. पण त्यांचा कागद वाटेत अडवता आला. तुझा कागद अडवायला कठीण जावं, एवढंच आत्ता बघायचं. आधी गेजचं कॅलिब्रेशन तपास. गेजच चुकीचा निघाला तर तोंडघशी पडशील. तो ठीक असेल तर खरं माप लिही आणि नंबर टाकून एनसीआर, म्हणजे नग मापात नसल्याचा लेखी अहवाल, काढ. भोक मोठं झालं म्हणजे नग भंगारात जातोच असं नाही. कधी जाड फास्टनर, म्हणजे बोल्ट-रिव्हेट, चालतो, कधी डिझाइनवाले हिशेब करून आहे तसाच स्वीकारतात. पण तो निर्णय त्यांचा. तुझा नाही आणि तुझ्या साहेबांचाही नाही. ‘ओके’ लिहिलंस की प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचं एक पॅनल हवेत उडालं, आठवतं? ते जागेवर धरणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, आणि कारखान्यात ते कधी, कोणी उघडलं याची नोंदही सापडली नाही.

तेव्हापासून माझा भाचा तिकीट काढताना विमानाचं मॉडेल बघतो. मी त्याला हसायचो. आता हसत नाही. सोनेगाव विमानतळावरून बसणारा माणूस भोकात गेज घालून थोडाच बघणार आहे?

एक वही ठेव : तारीख, नग क्रमांक, माप, कोण काय म्हणालं. ड्रॉइंगचे फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नकोस, मलासुद्धा. उद्या चोरीचा आळ तुझ्यावरच येईल. एनसीआर दाबलाच तर ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांना लेखी कळव. पेपरवाले सगळ्यात शेवटी.

किंमत पडते, हे लपवून तुला पुढे ढकलणार नाही. बोइंगच्या कामातल्या चुका उघड बोलणारे तिथलेच क्वालिटीवाले जॉन बार्नेट तीन दशकं नोकरी करून निवृत्त झाले, मग वर्षानुवर्षं खटला लढले आणि मार्च २०२४ मध्ये, जबानी चालू असतानाच, गेले. त्यांनी स्वतःच जीवन संपवलं असं पोलिसांनी म्हटलं. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ चा, पण तो अमलातच आणलेला नाही. आणि असता तरी तो सरकारी कारभारासाठीचा, तुझ्या खाजगी नोकरीला त्याचा काय उपयोग? म्हणून चार-सहा महिन्यांचा पगार बाजूला टाक आणि दुसरीकडे अर्ज करून ठेव. यात पळपुटेपणा काही नाही. नोकरी जाईल या भीतीनेच माणूस सही करतो. मी केली, तेव्हा धाकटी नुकतीच झाली होती.

पुढच्या रविवारी सकाळी ये, तर्री पोहे खाऊ. एनसीआर कसा लिहायचा ते साध्या कागदावर दाखवतो. कंपनीचा फॉर्म आणू नकोस. आणि आईला सगळं सांग, आजच. मी घरी सांगितलं नव्हतं.

तुझा,
काका