दिवाळीला घेतलेला लॅपटॉप होळीला जुना?

प्रश्न : सर, राजारामपुरीत माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका वगैरे. दिवाळीला लॅपटॉप घेतला, स्क्रीनवरचा प्लास्टिक कागद पण अजून काढला नाही आणि होळीला त्याच कंपनीचं नवीन मॉडेल तेवढ्याच पैशात. कंपन्यांनी दोन वर्षं तरी थांबायला नको का?

उत्तर : ताई, पोटात दुखणारच की, पण आधी तो कागद काढा, त्याखाली धूळ बसती. आता दोन वर्षांचं म्हणाल तर प्रोसेसरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलनं २००७ पासून एक ठेका धरलेला, एका वर्षी चिपमधले भाग बारीक करायचे आणि पुढच्या वर्षी डिझाइन नवं, पण १४ नॅनोमीटर इतक्या बारीक मापाला गाडी अडकली आणि २०१६ ला तो ठेका सोडावा लागला. ॲपलच्या चिपचं बघा, एम१ नोव्हेंबर २०२० ला, एम२ जून २०२२ ला, एम३ ऑक्टोबर २०२३ ला आणि एम४ तर सातच महिन्यांत, मे २०२४ ला आयपॅडमध्ये! माझं मत, काम खरंच फास्ट होत असलं तर कंपन्यांनी दरवर्षी नवीन मॉडेल काढावं, नाहीतर नुसता नंबर बदलून शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा?

खरा घोळ सपोर्टचा, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या अपडेटचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, म्हणून चालू मशीन पण लोकांनी भंगारात काढली.

तुमचं मशीन पत्रिकांना पाच-सहा वर्षं आरामात चालंल. कोरलड्रॉ अडकायला लागलं तर आधी रॅम वाढवून बघा, फक्त ती बोर्डवर सोल्डर केलेली (म्हणजे कायमची जोडलेली, मग वाढवता येत नाही) नाही ना, हे दुकानात विचारून घ्या.