आठ अक्षरं मोजली, तरी ओळ अडखळते

प्रश्न (वेंगुर्ले): अंगणवाडीच्या मुलांसाठी यमकातलं चित्रपुस्तक लिहिते आहे. प्रत्येक ओळीत मोजून आठ अक्षरं ठेवली: ‘आला खेकडा मोठाला / वर चढला माडाला’. मी म्हणते तेव्हा छान जमतं, पण मदतनीस ताई वाचायला लागल्या की दुसरी ओळ मध्येच संपल्यासारखी वाटते. चूक कुठे आहे?

उत्तर: अक्षरं बरोबर आहेत, मात्रा चुकल्या आहेत. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचं माप. ओवी-अभंगात अक्षरं मोजतात, कारण ते गायचे असतात. गाताना ‘वर’चं ‘वऽरऽ’ करता येतं. पुस्तक हातात घेऊन वाचणारं माणूस मात्र बोलतं तसं वाचतं. तुमच्या डोक्यात चाल आहे म्हणून तुम्ही अक्षर ओढून घेता. ताईंना ती चाल कागदावर दिसत नाही.

म्हणून मात्रा मोजा. अ, इ, उ असलेलं ह्रस्व अक्षर 1 मात्रेचं. दीर्घ अक्षर, ए-ऐ-ओ-औ असलेलं आणि स्पष्ट अनुस्वाराचं अक्षर 2 मात्रांचं. जोडाक्षराच्या आधीच्या ह्रस्व अक्षरावर जोर येत असेल तर त्याच्या 2 (‘कुर्ली’तला कु; कुर्ली म्हणजे मालवणीत खेकडा), येत नसेल तर 1 (‘तुम्ही’तला तु, ‘उन्हाळा’तला उ). या हिशेबाने तुमची पहिली ओळ 15 मात्रांची आणि दुसरी 12 ची. अडखळायला तेवढा खड्डा पुरतो.

अक्षरांपेक्षा मात्रा भरवशाच्या, याला आणखी एक कारण आहे. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना ‘घर्’. अक्षरं एक की दोन, असा वाद घालता येईल. मात्रा दोन्हीकडे 2 च.

लहान मुलांसाठी आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तालाचा तुकडा, घ्या: 8+8, एका ओळीत 16. छंदशास्त्रात याला पद्मावर्तनी म्हणतात. मुलं त्यावर आपोआप टाळ्या धरतात. तुमच्या ओळी अशा होतील:

लाल खेकडा | आला आला
सरसर चढला | वर माडाला

मधली उभी रेघ महत्त्वाची. ‘खेकडा माडावर चालला’ हीसुद्धा 16 मात्रांचीच ओळ आहे, पण आठवी मात्रा ‘माडावर’मधल्या ‘डा’च्या पोटात संपते. दुसऱ्या टाळीला नवा शब्द मिळत नाही आणि वाचणारा शब्द चिरतो किंवा टाळी सोडतो. बेरीज जमली म्हणून ओळ जमली असं समजू नका. प्रत्येक ओळीत आठव्या मात्रेनंतर रेघ मारून बघा, ती शब्दाच्या कडेला यायला हवी.

दोन-तीन मात्रा कमी पडल्या की ‘हो’, ‘गं’, ‘बरे’ घुसवण्याचा मोह होतो. पुस्तकभर एखाद्या वेळी चालेल. ‘सोडून’चं ‘सोडुन’ करून एक मात्रा वाचवता येते, कवितेत ती सूट जुनी आहे. पण जे मूल नुकतंच ‘सोडून’ वाचायला शिकतंय त्याच्या पुस्तकात आम्ही ती घेणार नाही.

(माडावर चढणारा खेकडा खराच असतो, पण तो निकोबारच्या बेटांवर. आपल्या किनाऱ्यावरचा गोष्टीपुरताच चढेल.)

प्रश्न (मालवण): प्रमाण मराठीत लिहिलेलं पुस्तक मालवणीत करायचं आहे. शब्द बदलले की ताल जातो.

उत्तर: जाणारच. ‘मला’ 3 मात्रांचा, ‘माका’ 4 चा. ‘आला’ 4, ‘इलो’ 3. ‘कुठे’ 3, ‘खंय’ 2, कारण इथला अनुस्वार नाकात हलका उमटतो, ‘अंगण’मधल्यासारखा ठासून नाही, हलक्या अनुस्वाराने मात्रा वाढत नाही. शब्दाला शब्द लावत बसू नका. अर्थ आणि 8+8 चा साचा तेवढा ठेवा, ओळ नव्याने लिहा: ‘मोठी कुर्ली | इली रे इली’. इथला ‘रे’ भरतीचा वाटत नाही, कारण हाक अशीच मारतात. जो मालवणी बोलतो पण ज्याने मजकूर पाहिलेला नाही, अशा माणसाला एकदाच वाचायला द्या. मदत करू नका, चाल सांगू नका. तो थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करा.

प्रश्न (गुहागर): 24 पानांच्या पुस्तकात किती ओळी असाव्यात? आणि यमक किती कडक पाळायचं?

उत्तर: पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयांचं, तिसरं आणि चोविसावं एकेकटं. 4 ते 23 मध्ये समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या मिळतात. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी एका जोडीला दोन ओळी पुरे, मोठ्यांना चार.

यमकाचं म्हणाल, तर ‘खाडी–वाडी–माडी–झाडी’ हे पक्कं. ‘खाडी–होडी’त फक्त शेवटचं अक्षर जुळतं, ते कच्चं. ‘घराला–माडाला’ तर नुसत्या प्रत्ययावर टेकलेलं; वरच्या उत्तरातलं ‘आला–माडाला’ही त्याच जातीचं, शिवाय त्यातला ‘लाल’ वाया गेलेला. रंग चित्रात दिसतोच. त्याच तीन मात्रांत ‘चोर’ बसतो आणि तो चित्रकाराला काढून दाखवणं अवघड आहे:

चोर खेकडा | मागे खाडी
सरसर चढला | वरची माडी

पहिली ओळ उजव्या पानाच्या तळाशी ठेवा आणि दुसरी पान उलटल्यावर, म्हणजे ‘खाडी’ ऐकून मूल पुढचा शब्द ओळखू पाहील. मात्र अर्धी ओळ या पानावर आणि अर्धी त्या पानावर असं करू नका. पान उलटायला दोन टाळ्यांएवढा वेळ तरी जातो आणि तेवढ्यात आवर्तन हातून निसटतं.